वहिनीच्या आवाजाखालच्या तारा

बँडमध्ये त्याला सगळे खांब म्हणत. स्टेजवर एकदा उभा राहिला की कार्यक्रम संपेपर्यंत तो जागचा हलत नसे. त्याचा थोरला भाऊ गिटार घेऊन या टोकापासून त्या टोकापर्यंत फिरायचा, ड्रमवर बसणारा डेंटिस्ट पहिल्या दोन गाण्यांतच घामाघूम व्हायचा, आणि हा आपला बेस गिटार पोटाशी धरून, नजर जमिनीला लावून, गप्प उभा. एकदा कार्यक्रम आटोपल्यावर हॉलच्या माणसाने वायरी गुंडाळता गुंडाळता एक वेढा याच्याही भोवती घातला होता, असं डेंटिस्ट शपथेवर सांगायचा.

दिवसा खांब लिफ्ट दुरुस्त करायचा. लग्नाच्या भानगडीत तो पडला नव्हता. भावाच्याच घरात, वरच्या खोलीत राहायचा आणि जेवायला खाली यायचा. भाऊ, म्हणजे दादा, गाद्यांच्या एका मोठ्या दुकानात मॅनेजर होता. दुकानामागच्या गोडाऊनमध्ये त्यांची प्रॅक्टिस चाले. चारी भिंतींना प्लॅस्टिकमध्ये गुंडाळलेल्या गाद्या उभ्या केलेल्या. कितीही आदळआपट केली तरी बाहेर चकार आवाज जात नसे.

पण बँड खरा होता वहिनीचा. लोक कार्यक्रम ठरवायला फोन करत तेव्हा बँडचं नाव कुणाच्या लक्षात नसे. 'त्या बाई गातात ना, तो बँड' एवढंच म्हणत. वहिनीचा आवाज वर चढायला लागला की मागच्या रांगेत गप्पा मारणारी माणसं बोलता बोलता थांबायची. दादाने तिच्याशी लग्न केलं ते त्या आवाजामुळेच, असं तो स्वतःच सगळ्यांना सांगायचा. त्यावर वहिनी म्हणायची, "आणि मी केलं ते याचा भाऊ शांत आहे म्हणून." लग्नात गंमत म्हणून ती खांबाला 'अहो भावजी' म्हणाली आणि ते तसंच राहिलं. नवऱ्याला अरे-तुरे आणि धाकट्या दिराला अहो-जाहो. खांब मात्र तिला सरळ 'अगं वहिनी' म्हणे.

मग वहिनीच्या गळ्यात गाठ निघाली.

ती म्हणत होती, हातातले कार्यक्रम होऊन जाऊ देत, मग बघू. दादाने ऐकलं नाही. त्याचा जीव थाऱ्यावर नव्हता. त्याने धावपळ करून तारीख मिळवली आणि ऑपरेशन झालं. गाठ साधी होती, घाबरण्यासारखं काही नव्हतं. पण गाठ काढताना आवाजाची एक नस दुखावली गेली. डॉक्टर म्हणाले, असं कधी कधी होतं, आवाज येईल, पण कितपत येईल ते आत्ता सांगता येणार नाही.

सुरुवातीला नुसती हवा यायची. वहिनी पाटीवर लिहून बोलायची आणि दादाला अक्षर लागलं नाही की पाटी त्याच्या डोक्यात घालायचा अभिनय करायची. पुढे कुजबुज आली. मग बऱ्याच दिवसांनी आवाज आला, पण तो उतरून आला. खाली, जाडसर, आणि कडेला थोडा खरखरीत. डोळ्यांच्या दवाखान्यात ती रिसेप्शनवर बसायची. पूर्वी तिने नाव पुकारलं की जिन्यावर बसलेला पेशंटही उठून यायचा. आता समोरच्या खुर्चीतलं माणूससुद्धा "मला बोलावलंत का?" असं विचारायला लागलं. एका बाईने फोनवर तिला "साहेब, जरा मॅडमना द्या ना" असं म्हटलं. वहिनीने हे जेवताना रंगवून सांगितलं. खांब हसला, ती हसली. दादा ताटाकडे बघत राहिला.

प्रॅक्टिस पुन्हा सुरू झाली तेव्हा दादाने पहिलं गाणं नेहमीच्या पट्टीतच धरलं. वहिनीने कडवं नीट पार केलं, पण जिथे सूर वर उचलायचा तिथे आवाज फाटला. दादा लगेच म्हणाला, "होईल, होईल. परत घेऊ." परत घेतलं, परत तिथेच फाटला. "दम खा जरा. परत." तिसऱ्यांदा वहिनी गायलीच नाही. रुमाल काढून माईक पुसत बसली. तो काही घाण झाला नव्हता.

असं पुढच्या वेळीही झालं. मग ती यायची बंदच झाली. "तुम्ही वाजवा, मला घरी कामं आहेत," म्हणाली. डेंटिस्टने एकदा भीत भीत सुचवलं की तोपर्यंत दुसरी कुणी गायिका बघावी का. दादा त्याच्यावर असा काही उखडला की बिचारा स्वतःचीच अक्कलदाढ दुखत असल्यासारखा गाल धरून बसला. "तिचा आवाज येणार आहे," दादा म्हणाला. "आपण थांबायचं." आणि मग तिघं जण गाणाऱ्याची जागा मोकळी ठेवून गाणी वाजवत राहिले. ऐकायला ते फार केविलवाणं वाटायचं.

एका सुट्टीच्या दिवशी खांब सकाळी चहाला खाली आला. दादा दुकानात गेला होता. वहिनी ओट्यापाशी पाठमोरी उभी राहून कांदा परतत होती. वर एक्झॉस्ट फॅन घरघरत होता. जिन्याच्या शेवटच्या पायरीवर खांब थबकला. फॅनच्या घरघरीत आणखी एक सूर होता. वहिनी गात होती. शब्द नव्हते, नुसता सूर, अगदी खालचा, खांबाने तिच्या तोंडून कधीच ऐकला नव्हता इतका खालचा. तिथे तो आवाज फाटत नव्हता. खरखर होती, पण ती चांगल्या लोकरीच्या कापडाला असते तशी, हात फिरवत राहावंसं वाटणारी. सूर लांब ओढला गेला, थोडा वळला आणि अलगद खाली टेकला.

वहिनीने कढई उतरवली आणि वळली. "अगं बाई! काय हो भावजी, इथेही खांब?"

"वहिनी, ते परत म्हण."

"ते काय गाणं आहे? फॅनच्या सुरात सूर लावत होते. तो बिचारा परत घ्या म्हणत नाही."

खांब वर गेला. बेस गिटार आणि लहान अँप्लिफायर घेऊन खाली आला. फ्रिजच्या मागचा प्लग काढून त्याने आपली वायर खुपसली, स्टुलावर बसला आणि फॅनचा सूर शोधून तोच खाली धरला. वहिनी "वेडे आहात का" म्हणाली, पण गायला लागली. दोन ओळी झाल्या आणि नाक मुरडून थांबली.

"काय झालं?"

"तुमच्या तारा."

"नव्या आहेत."

"म्हणूनच. माझा घसा जिथे खरखरतो ना, तिथेच त्याही खरखरतात. दोघं मिळून पातेलं खरवडतोय असं वाटतंय."

खांबाने पुन्हा वाजवून पाहिलं. बरोबर होतं तिचं. ताज्या स्टीलच्या तारा. बोट सरकलं की चर्र आवाज, आणि प्रत्येक सुराच्या डोक्यावर धातूची टणक चमक. दादाच्या गिटारच्या गोंगाटात ती चमक लागायची, नाहीतर बेस ऐकूच जात नसे. वहिनीचा जुना आवाज त्या चमकेच्या कितीतरी वरून निघून जायचा. आताचा आवाज नेमका तिच्यावर येऊन आदळत होता.

त्याने गिटारवरचं बटण पिळून वरचा आवाज पार कापून टाकला.

"आता गादीखालून बोलताय," वहिनी म्हणाली. "खोल हवंय हो, कोंडलेलं नकोय."

मग त्याने भांडी घासायचा स्पंज घेतला, कात्रीने कापला आणि तारांच्या बुडाशी, जिथे त्या लाकडाला बांधलेल्या असतात तिथे, खाली सरकवला. हे त्याने कुठेतरी ऐकलं होतं. आवाज मऊ झाला खरा, पण सूर उमटला की लगेच विझायचा. वहिनी हसायला लागली. बऱ्याच दिवसांनी मोकळं हसली. "माझा नवा स्पंज कापलात. आता तारा आणायला जाल तेव्हा तोही आणा."

तारा आणायच्या हे तिनेच ठरवून टाकलं होतं, आणि खांबाला ते पटलं होतं.

वाद्यांचं दुकान एक बाई चालवत. बुटक्या, धिप्पाड, चष्मा दोरीने गळ्यात अडकवलेला, बोलणं मोजकं. खांब नेहमी तिथून एकच पाकीट उचलायचा आणि निघायचा. आज तो काउंटरपाशी घुटमळला.

"खोल आवाजाच्या हव्यात," तो म्हणाला. "जरा उबदार."

"कुणाबरोबर वाजवायचंय?"

"वहिनीबरोबर. गाते. तिचा आवाज... खालचा आहे."

मालकीणबाईंनी दोन पाकिटं फोडली आणि तारांची टोकं त्याच्या हातात दिली. "ही तुमची नेहमीची. आतल्या तारेवर गोल तार गुंडाळलेली. म्हणून बोटाला कानस लागते आणि आवाजाला चमक येते. ही दुसरी, हिच्यावर चपटी पट्टी गुंडाळलीय. बघा, गुळगुळीत आहे. हिची चमक कमी, बूड जास्त."

खांबाने बोट फिरवलं. बोट कुठे अडलंच नाही. "यात सगळ्यात जाड?"

"जाड घेतली म्हणजे खोल जाते असं नाही. तुम्ही मधली घ्या."

पण खांब पडला लिफ्टवाला. जास्त भार पेलायचा तर दोर जाड हवा, हे त्याच्या हाडीमाशी भिनलेलं. त्याने सगळ्यात जाड तारा घेतल्या. स्पंज मात्र विसरला.

घरी येऊन त्याने त्या चढवल्या आणि सुरात आणल्या तेव्हा गिटारची मान चक्क वाकली. तारा इतक्या ताणलेल्या की मान पुढे खेचली गेली आणि तारा वर उचलल्या गेल्या. दाबता दाबता त्याची बोटं पांढरी पडली. मानेच्या आत एक सळई असते, ती चावीने पिळून त्याने मान थोडी सरळ केली, जेवून आला, पुन्हा थोडी पिळली. लिफ्टचा दरवाजा बसवावा तशा चिकाटीने त्याने ते जमवलं. मग वहिनीला हाक मारली.

आवाज खोल होता यात शंका नाही. स्वयंपाकघरातली भांडी दबकून ऐकत होती. पण प्रत्येक सूर ठप्प करून पडायचा आणि तिथेच बसायचा. वहिनीने एक लांब सूर घेतला. खांबाचा सूर तिच्या खाली आला आणि ती अर्ध्यात असतानाच संपून गेला. तिचा आवाज एकटाच वर राहिला, थोडा थरथरला, आणि तिने तो सोडून दिला.

"तुम्ही मला वर ठेवून खाली उतरलात, भावजी."

"जाड झाल्या. त्या बाई सांगत होत्या. उद्या बदलून आणतो."

वहिनी खुर्चीवर बसली. गळ्याभोवतीचा स्कार्फ सैल करून तिने पुन्हा बांधला. ऑपरेशनचा व्रण आता पुसट झाला होता, तरी ती तो झाकायची. "असू दे ना. कशाला एवढा आटापिटा?"

"आटापिटा कसला? तारा तर आहेत."

"तुम्ही माझ्यासाठी तारा बदलताय. आणि तुमचा भाऊ..." ती थांबली. "तो माझी वाट बघतोय. मी समोर बसून त्याला वाढत असते आणि तो माझी वाट बघत असतो. रोज. कंटाळा आला हो मला त्याचा."

खांबाने गिटार खोळीत घातली, चेन लावली, पुन्हा उघडली, पुन्हा लावली. शेवटी म्हणाला, "उद्या तू चल दुकानात. माझ्या कानांनी निवडतोय म्हणून चुकतंय. ऐकणार तू आहेस."

"मी तिथे येऊन काय करू?"

"बस नुसती."

दुसऱ्या दिवशी दवाखाना सुटल्यावर ती गेली. मालकीणबाईंनी तिला एक स्टूल दिलं आणि ती खांबाकडे पाठ करून बसली. तारा दिसल्या की मत बनतं, म्हणाली. खांब भिंतीवरचे बेस एकेक उतरवून वाजवू लागला. प्रत्येकावर वेगळ्या तारा होत्या. आधी मधल्या जाडीच्या चपट्या. "बऱ्या आहेत. पण जरा कोरड्या." मग अर्धवट घासून गुळगुळीत केलेल्या. "या खूप उत्साही आहेत. पहिल्याच दिवशी ऑफिसला आल्यासारख्या." मालकीणबाईंच्या ओठांचा कोपरा हलला.

मग त्यांनी आतून एक जुना बेस आणला. त्याच्या तारा काळ्या कुळकुळीत होत्या. धातूवर काळ्या नायलॉनची पट्टी गुंडाळलेली. खांबाला त्या बघून काही खरं वाटेना. "या तर बुटाच्या नाड्या," तो पुटपुटला.

"वाजवा," मालकीणबाई म्हणाल्या.

त्याने सर्वात खालची तार छेडली. आवाज आपटला नाही. तो आला, गोल होऊन पसरला आणि रेंगाळला. फार नाही, लांबलेला श्वास असतो तेवढा. टणक काही नव्हतं त्यात, आणि कोंदटही काही नव्हतं. खांबाने दुसरा सूर लावला, मग तिसरा. तो विचारणार होता, कशा आहेत म्हणून. तेवढ्यात ती गायला लागली.

आपण दुकानात बसलोय हे ती बहुधा विसरली. जुनंच एक गाणं, वर्षानुवर्षं गायलेलं, पण पार खाली आणून, सावकाश. जिथे सूर उचलायचा तिथे तिने तो उचलला आणि तो गेला. त्याची जागाच आता आवाक्यात होती. खरखर होतीच, पण खाली मऊ काहीतरी पसरलेलं होतं आणि त्याच्यावर ती शोभून दिसत होती. कीबोर्ड तपासत बसलेल्या एका माणसाने कानावरचे हेडफोन काढून गळ्यात घेतले. खांबाने अख्खं कडवं मान वर करून वाजवलं. डेंटिस्टने पाहिलं असतं तर त्याला चक्कर आली असती.

गाणं संपलं. मालकीणबाईंनी चष्मा डोळ्यांवर चढवून वहिनीकडे नीट पाहिलं. "कुठे गाता तुम्ही?"

त्या दुकानात कुणीच तिचा आधीचा आवाज ऐकलेला नव्हता. 'गात होते' असं म्हणायला वहिनीने तोंड उघडलं आणि मिटलं. मग म्हणाली, "गाद्यांच्या गोडाऊनमध्ये."

"मग एकदा यायला हवं गोडाऊनमध्ये," मालकीणबाई गंभीरपणे म्हणाल्या.

त्या काळ्या तारा चांगल्याच जाडसर होत्या. गिटारच्या मानेच्या टोकाला तारा बसायच्या खाचा असतात, त्यांत त्या मावेनात. मालकीणबाईंनी बारीक कानस घेतली, खांबाने सोबत आणलेली गिटार आडवी घातली आणि एकेक खाच हळूहळू रुंद केली. मध्ये मध्ये फुंकर मारत आणि तार बसवून बघत. "या जाड दिसतात, पण ताण कमी घेतात," त्या म्हणाल्या. "तुमची मान सुटेल." गिटारची की याची, ते त्यांनी सांगितलं नाही. वहिनी बाजूला उभी राहून सगळं बघत होती. परतताना तिने खांबाला आठवणीने स्पंज घ्यायला लावला.

दादाला आधी सांगायचं की नाही यावर दोघांचं बरंच बोलणं झालं. वहिनी म्हणाली, सांगितलं तर तो आधीच वाद घालेल आणि मग ऐकणारच नाही. म्हणून पुढच्या प्रॅक्टिसला ती नुसती आली आणि गाद्यांच्या मधल्या आपल्या जागेवर जाऊन उभी राहिली. तिला बघून दादाचा चेहरा असा उजळला की खांबाला त्याच्याकडे बघवेना.

"बरं वाटतंय? घेऊ या?" दादाने गिटार गळ्यात अडकवली. मग त्याचं लक्ष खांबाच्या हातांकडे गेलं. "आणि हे काय काळं लावलंस?"

"नव्या तारा."

"वाजव." खांबाने वाजवलं. दादाने कपाळाला आठ्या घातल्या. "चमक गेली की रे सगळी! माझ्या गिटारखाली ऐकू तरी जाशील का?"

"तू थोडं हळू वाजवलंस तर," डेंटिस्ट म्हणाला, आणि लगेच ड्रमच्या मागे वाकला.

"आज खालून घेऊ," वहिनी म्हणाली. खांबाने सूर दिला.

दादाने तो ऐकला. "एवढ्या खालून? अगं, तिथे तुझा आवाज..."

"तिथेच आहे माझा आवाज."

ती गायला लागली. दादाने पहिल्या ओळीला कशीबशी साथ केली, दुसऱ्या ओळीला त्याचा हात थांबला, आणि तो मागच्या गादीवर मटकन बसला. प्लॅस्टिक कडाकडा वाजलं. सगळेच थांबले.

"ही ती नाहीये," दादा म्हणाला. तिला नव्हे, आपल्याशीच.

"मग कोण आहे?" वहिनीने विचारलं.

"तसं नाही गं."

"मग कसं?"

दादाने गिटार काढून बाजूला ठेवली. "तू म्हणत होतीस, कार्यक्रम होऊन जाऊ देत. मीच घाई केली. तारीख मी आणली. थांबलो असतो तर दुसरा डॉक्टर मिळाला असता, काहीतरी वेगळं झालं असतं. तुझा आवाज परत आला नाही तर तो मी घालवला असं होईल."

"म्हणून तू वाट बघतोयस?"

दादा गादीच्या प्लॅस्टिकवरची एक सुरकुती अंगठ्याने दाबत राहिला.

"गाठ होती रे. काढायचीच होती. तू घाई केलीस कारण तू घाबरला होतास. मीही घाबरले होते, पण मी गाण्यांच्या मागे लपत होते." ती त्याच्या शेजारी जाऊन बसली. प्लॅस्टिक पुन्हा वाजलं. "आणि आवाज आलाय परत. आला तेवढा आला. तू दार उघडून त्याच्याच मागे बघतोयस, आणखी कुणी आलंय का म्हणून."

डेंटिस्ट एका झांजेचा स्क्रू घट्ट करत होता. तो आधीच घट्ट होता. खांबाला आतून वाटत होतं की आता काहीतरी बोलायला हवं, थोरल्या भावाच्या पाठीवर हात ठेवायला हवा, पण ते त्याला येत नव्हतं. तेव्हा त्याला येत होतं ते त्याने केलं. कुणी इशारा केलेला नसताना, आयुष्यात पहिल्यांदा, त्याने आधी सुरुवात केली. खालचा तोच सूर, सावकाश, पुन्हा पुन्हा, रेंगाळू देत.

थोडा वेळ नुसता बेस वाजत राहिला. मग वहिनी बसल्या जागेवरूनच गायला लागली, दादाच्या खांद्याला खांदा लावून. डेंटिस्टने काठ्या ठेवल्या आणि ब्रश घेऊन ड्रमवर हलकेच फिरवू लागला. दादा गुडघ्यांवर कोपरं टेकून, मान खाली घालून ऐकत होता. एक कडवं गेलं, दुसरं गेलं. त्याने हात लांब करून गिटार ओढली. आधी नेहमीसारखं भरभरून वाजवायला गेला तर सगळा गलका झाला. त्यालाही तो कळला. खालची जागा बेसने आणि वहिनीने भरलेली होती. तो वरच्या तारांवर गेला आणि एखाददुसराच सूर टाकायला लागला. मध्ये मोकळी जागा सोडायला लागला.

"परत घेऊ," गाणं संपल्यावर तो म्हणाला. आणि घाईघाईने पुढे म्हणाला, "चुकलं म्हणून नाही. आवडलं म्हणून."

त्यानंतर काही सगळं सुतासारखं सरळ झालं असं नाही. निम्मी गाणी बाजूला ठेवावी लागली. काही खाली आणल्यावर त्यांतला जीवच गेला. दादा मध्येच जुन्या सवयीने वरून सुरुवात करायचा आणि जीभ चावायचा. पहिला कार्यक्रम एका निवृत्त होणाऱ्या शिक्षिकेच्या निरोपसमारंभात झाला. तिथे ओळखीच्या एका गृहस्थांनी वहिनीचं जुनं, वरच्या पट्टीतलं गाणं मागितलं. वहिनी माईकवर म्हणाली, "ते आता माझ्याच्यानं होत नाही. दुसरं चालेल का?" गृहस्थ "चालेल, चालेल" म्हणाले, पण थोड्या वेळाने उठून गेले. चहाच्या टेबलापाशी कुणीतरी "पूर्वीची मजा नाही" असं म्हणालं, ते खांबाने ऐकलं आणि पोटात ठेवलं. पण मागच्या बाजूच्या काही बायकांनी आपल्या खुर्च्या उचलून पुढे आणल्या होत्या, नीट ऐकू यावं म्हणून. आणि त्या निरोप घेणाऱ्या शिक्षिकेने जाताना वहिनीचा हात बराच वेळ सोडला नाही.

पुढे एकदा संध्याकाळी वहिनी दवाखान्यातून दादाच्या दुकानावर गेली. दुकान बंद झालं होतं. दादा समोर लावलेल्या गाडीत बसला होता आणि आत कुठल्याशा जुन्या कार्यक्रमाचं रेकॉर्डिंग लागलं होतं. तिने दार उघडलं तसा तो दचकला आणि बंद करायला गेला.

"राहू दे," वहिनी आत बसत म्हणाली.

दोघांनी गाणं शेवटपर्यंत ऐकलं. वरचा सूर आला, लागला, टाळ्या पडल्या.

"छान गायचे मी," ती म्हणाली.

"हो."

"पण बेस बघ ना कसला टणटणतोय. कुणी ताटं आपटतंय की काय!"

दादा हसला. हसता हसता त्याला रडू आलं, आणि ते थांबेना. वहिनीने आपल्या बाजूची काच वर केली, मग त्याच्यावरून हात नेऊन त्याच्याही बाजूची केली, आणि त्याचं आटपेपर्यंत रस्त्याकडे बघत बसली. मग त्याने डोळे पुसले आणि गाडी सुरू केली. घरी खांबाने जेवण गरम करून ठेवलं होतं आणि उशीर झाला म्हणून तो जिन्याच्या पायरीवर बसून पेंगत होता.